डचेसचा उपास

५ जानेवारी
आज अजगरपाळक मंडळाच्या सभेत अध्यक्षीणबाई नॉर्मा स्टॉल्ट्झने चाळीस जणांसमोर माझी अब्रू काढली. म्हणे, व्हर्नन, तुला दगड सांभाळायला दिला तरी तो आजारी पडेल! कारण काय, तर माझी डचेस दोन महिने जेवलेली नाही. साडेचार फुटी अजगर मादी, गुणी पोर. नॉर्मा अध्यक्षीण असेल तिच्या घरची. हिचे दात हिच्याच घशात घातले नाहीत तर नावाचा व्हर्नन नाही.

६ जानेवारी
संकल्प: अख्ख्या ओहायोत सगळ्यात जबाबदार अजगरपाळक मीच. रोज तीनदा वजन. तासातासाला तापमान. सगळं लिहून ठेवायचं आणि नॉर्माच्या तोंडावर फेकायचं.

१४ जानेवारी, सकाळी ७
वजन केलं. डचेस गोळा होऊन बसली, डोकं आत. विचार करत असावी. फ्रीजरमधला उंदीर कोमट करून नाकासमोर नाचवला, गाणंही म्हटलं. ढुंकून पाहिलं नाही. बायकोची, डोरीनची, वेगळीच कुरकुर: फ्रीजरमध्ये चिकनपेक्षा उंदीर जास्त झालेत.

२ फेब्रुवारी
ऐंशी ग्रॅम घट. काटा बिघडलाय. नवा आणला. तोही तसलाच.

९ फेब्रुवारी
प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, तिला सारखं उचलू नका. नॉर्माला फितूर आहेत. आजपासून चारदा वजन.

२० फेब्रुवारी
डचेसच्या पाठीचा कणा दिसायला लागलाय. घाबरलोय. कुणाला सांगायचं नाही.
दुपारी नॉर्मा दारात हजर! डोरीननेच बोलावली, घरभेदी मेली. नॉर्मा म्हणाली, दोन आठवडे माझ्याकडे दे. लगेच दिली. डाव असा: तिच्याकडेही डचेस उपाशीच राहणार, मग भर सभेत बाईची लक्तरं काढतो. भाषण तयार.

६ मार्च
भाषण घेऊन नॉर्माकडे गेलो. डचेसने दोन उंदीर खाल्लेत. कणा दिसत नाही.
काय जादू केलीस, विचारलं. म्हणे, काही नाही रे, पेटीवर चादर टाकली आणि लांब राहिले. टोमणा एकसुद्धा मारला नाही, त्याचाच जास्त संताप आला.
मग मी बाणेदारपणे सांगून टाकलं, ठेव तुझ्याकडेच. अजगर तीस वर्षं जगतो. भोग म्हणावं तीस वर्षं! सूड पूर्ण.
निघताना विचारलं, रविवारी तिला बघायला आलो तर चालेल का.
म्हणाली, ये की. पण हात खिशात ठेवायचे.