निवडलेली मेथी

जळोची, ६ जानेवारी

ती. प्रयागआत्यास राजनंदिनीचा सा. न.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. तुझा विशाल मार्केट यार्डात आलाय, त्याच्याच हाती देते.

निवडलेल्या मेथीच्या धंद्याचा प्लॅन काल इंदापुरात सृष्टी मॅडमना दाखवला. नव्या धंद्यात पैसे गुंतवतात त्या. धुऊन, निवडून, पिशवीत घरपोच, सगळं समजावलं. त्यांनी फक्त गिऱ्हाइकांची यादी बघितली आणि विचारलं, यात नात्याबाहेरचं कोण. एकच निघाली, तीही दादाची होणारी सासू. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्यांदा पिशवी कुणी मागितली, विचारलं. कुणीच नाही. मग म्हणाल्या, आधी खरं बोलणारं माणूस शोधा, महिनाअखेर परत या.

आबांनी उसाचं बेणं सांगून ठेवलंय. मॅडमनी पुन्हा परत पाठवलं तर मेथीच्या वाफ्यांत ऊस. एकदा ऊस लागला की रान अडकलं, आणि मला बघायला पाहुणे यायला मोकळे.

तू तर लई झ्याक म्हणाली होतीस. खरं सांग, मी पाठवलेल्या पिशवीचं काय केलंस?

लोभ आहे तेवढा असू दे, कौतुक नको.

राजनंदिनी

डाळज, ता. इंदापूर, ९ जानेवारी

चि. राजनंदिनीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पिशवी म्हशीला घातली. प्लॅस्टिकात घाम धरून पाला काळा पडला हुता. म्हशीनं बी हुंगून मगच खाल्ला.

तू इचारलंस तवा झ्याक म्हणाले, कारण तो वानोळा हुता. रानातलं कुणी मायेनं धाडलं तर त्याला नावं ठेवत न्हाईत. तुझ्या यादीतल्या समद्यांनी तेच केलं आसंल. आन् आमच्या दारात मेथी हाय गं, इकत कोण घेतंय?

शेजारची सारजा बारामतीत नर्स हाय. चौघी खोली करून राहत्यात. ड्युटीवरनं आल्यावर भाजी निवडायचा कंटाळा, मग वडापाव खात्यात. तिची आय रोज माझ्यापाशी रडती. तिला इचार. ती काय तुझी पाव्हणी न्हाय, तोंडावर बोलंल.

पाव्हणे येऊ देत की. चहा पिऊन जात्याल.

आशीर्वाद हायतच, म्हशीचे बी.

प्रयागबाई

जळोची, ३० जानेवारी

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचलं. मग यादी फाडली.

सारजाताईनं सरळ सांगितलं, धुऊ नको, सडते. नुसती निवडून कागदात गुंडाळ, आणि एकीपुरतीच दे, चौघींच्या ड्युटीच्या पाळ्या वेगळ्या. पुढच्या आठवड्यात तिनंच फोन करून पुन्हा मागितली. आता तिची खोली आणि आजूबाजूच्याही. सगळ्या परक्या.

नव्या प्लॅनमध्ये तुझी म्हैसही लिहिली. मॅडम तिथं पहिल्यांदा हसल्या. पैसे अजून नाहीत. तीन महिने अशाच परक्यांना विकून दाखवा, मग बघू म्हणाल्या. आबांना जसंच्या तसं सांगितलं. सकाळी त्यांनी बेण्याची ट्रॉली मेथीचे वाफे सोडून विहिरीपलीकडच्या रानात नेऊन रिकामी केली.

विशालबरोबर एक पुडा पाठवतेय. वानोळा.

रागावत राहा, एवढाच लोभ पुरे.

राजनंदिनी

डाळज, २ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस अ. आ.

पुड्याचं पैसं विशालकडं दिल्यात, गुमान घे. वानोळा म्हणून घेतला आसता तर झ्याक म्हणावं लागलं आसतं. इकत घेतलाय, म्हणून सांगते: देठं जून हायत. कोवळी खुडत जा.

भाजी आमीच खाल्ली. मंगळवारी आजून एक धाड.

प्रयागबाई