वाट्यातला वाटा

प्रिय लोसा,

सोमवारी डॉक्टर तुझी अपूर्णांकांच्या गुणाकाराची परीक्षा घेणार, आणि तू त्याआधीच बेटावरच्या दवाखान्याचं काम सोडून किल्ली वडीलधाऱ्यांच्या सभेपुढे ठेवणार, असं तुझ्या आईने काल फोनवर सांगितलं. म्हणून लिहिते. माझ्याशी बोलायला तू फोनवर येत नाहीस. निदान हे बसून, शेवटपर्यंत वाच.

तुझी आई म्हणाली, "बाई, बघा तुमची पहिल्या नंबरची पोरगी! आता हिला मासे साफ करायलाच बसवते." मी तिला गप्प केलं आणि फोन ठेवून लगेच डॉक्टरांना लावला.

काय घडलं ते मी डॉक्टरांकडून समजून घेतलं. मोठ्या मुलाला अर्धी गोळी. फिलिपोचं बाळ लहान, म्हणून त्या अर्ध्याचा पाऊण भाग. तुझं पहिलं उत्तर तीन अष्टमांश होतं, ते बरोबर होतं. तूच ते खोडलंस. डॉक्टरांना म्हणालीस, "गुणल्यावर उत्तर कमी कसं येईल? वाटलं, माझंच चुकलं." मग दुसरा अपूर्णांक उलटा केलास आणि बाळाला दोन तृतीयांश गोळी दिलीस. बाळ दीड दिवस डोळे उघडेना. आता ते दूध पितंय, आज सकाळीच विचारलं. पण त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी फोनवर तुला आकडा विचारून पुढची गोळी थांबवली नसती तर? तो विचार इथे राजधानीत, आपियात, माझीही पाठ सोडत नाही.

तू नऊ वर्षांची होतीस. मी फळ्यावर लिहिलं, अर्धा गुणिले तीनचतुर्थांश. मी वेलिंग्टनच्या कॉलेजातून शिकून आलेली. पुस्तकातली सफरचंदं शिकवायचे, जी तुमच्यापैकी कोणी झाडावर पाहिली नव्हती. तू पाटीवर मासा काढलास. म्हणालीस, "बाई, किनाऱ्यावर मासे वाटले तेव्हा आमच्या घराला अर्धा मासा आला. घरात आत्याने वाटे केले, पाव काकांकडे, पाऊण आम्हाला. म्हणजे अख्ख्या माशाचे आठ तुकडे धरले तर आमच्याकडे तीन." वर्ग ओरडला, "लोसाला भूक लागली!" मीही हसले. मग पाटी पुसायला लावली. "गणितात मासे आणायचे नाहीत," म्हटलं, आणि पन्नास वेळा लिहून घेतलं: गुणाकाराने संख्या वाढते.

एकाहून मोठ्या संख्येने गुणलं तरच ती वाढते. मला ते माहीत होतं. इतक्या लहान मुलांना सांगायचा कंटाळा केला. पुढे सांगू म्हटलं आणि पुढे कधी सांगितलं नाही.

आत्या वाट्यातला वाटा काढते, तोच गुणाकार. अर्ध्या माशातून पाऊण भाग काढला तर अर्ध्याहून कमीच हाती येणार, जास्त आला तर आत्याला कोणी विचारेल, "हा तुकडा कुठल्या माशाचा?" परीक्षेत अडलीस तर कागदावर मासा काढ. डॉक्टर हसले तर हसू देत. आणि आलेलं उत्तर मुळातल्या वाट्याशी ताडून बघितल्याशिवाय यापुढे कोणाला गोळी द्यायची नाही. एवढी चूक मात्र तुझी आहे, ती मी माझ्या अंगावर घेणार नाही.

बाकीची माझी आहे. चाळीस वर्षं तुमच्या बेटावर मी तेच वाक्य मुलांकडून घोटून घेतलं. त्यातलं कोणी आज इंजिनात तेल मिसळत असेल, कोणी सिमेंट. कोणाकोणाला कळवू? सुरुवात तुझ्यापासून केली आहे. सभेने तुझ्याबद्दल निर्णय घेण्याआधी माझं ऐकावं, म्हणून हे सगळं त्यांनाही लिहिलं आहे.

तुझीच,
तेलेसिया बाई

शनिवारी सकाळी, आपियाच्या धक्क्यावर, तुमच्या बेटाकडे निघालेल्या डॉक्टरांच्या हाती दिलं: लोसासाठी हे पत्र, एक. सभेसाठी पत्र, एक, उघडं, सर्वांसमोर वाचण्यासाठी. निवृत्तीच्या दिवशी सभेने मला मानाने दिलेली चटई, एक, परत.