कुसुमला न्यायला

६ फेब्रु. ८६, गुरुवार. जोगेश्वरी

...तर त्या सकाळी मी तांदूळ धुऊन ठेवले होते, स्टोव्हला पिन मारत होते, आणि शेजारची कुसुम बाहेरच्या मोरीवर बोंबील साफ करत बसली होती. तिचा मांगीलाल दुकानाला निघाला. नाकाला रुमाल. ती म्हणाली, "लग्न केलंस तेव्हा नाक कुठं ठेवलं होतंस रे?" तो हसत हसत जिना उतरला. एवढंच. पण बॅग भरताना तीच सकाळ आठवत राहिली.

मांगीलाल डिसेंबरात वारला. मला कळलं परवा. त्याचं फरसाणचं दुकान आता जो चालवतो त्यानं शेव बांधता बांधता सांगितलं. म्हाताऱ्या आईकडे बघायला म्हणून जोधपूरला गेला होता, कु.ला घेऊन. मूलबाळ नाही. आता ती आणि सासू.

शरद म्हणतो, "आई, दोन दिवसांसाठी एवढं लांब? करणार काय तिथं जाऊन?" म्हटलं, घेऊन येणार तिला. माझ्याजवळ राहील. त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं भिंतीकडे.

सुकट घेतली आहे तिच्यासाठी. भाजून.

७ फेब्रु., शुक्र. जोधपूर

अहमदाबादला गाडी बदलली. वाळवंट म्हणजे पुस्तकातल्यासारखे वाळूचे डोंगर दिसतील असं वाटलं होतं. इथे दगड, काटेरी झुडपं, निळी घरं आणि धूळ. ओठ फुटले.

आल्या आल्या चूक. दारातूनच हाक मारली, चाळीत मारायचे तशी. "कुसे, ए कुसे!" आतल्या सगळ्या बायका वळल्या. इथे भेटायला येणारी बाई गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्यानं रडत येते म्हणे. मला काय माहीत.

आतल्या खोलीत, कोपऱ्यात, काळपट ओढणीचं एक गाठोडं. त्यातून आवाज आला, "ओरडतच येतेस अजून." मराठीत. आणि मग तिनं जो गळा काढला... बाकीच्या बायकांनीही. त्यातलं रीतीचं किती आणि तिचं किती, मला ओळखता येईना.

बायका गेल्यावर दुसरी चूक. सुकटीची पुडी काढली. या घरात कांदासुद्धा येत नाही, हे माझ्या डोक्यातच नाही! वास सुटला. सासू दारात आली, उभी राहिली, परत गेली. कु. म्हणाली, "दे इकडे." ओढणीखाली नेली. कितीतरी वेळ तिनं ती नाकाशीच धरली होती. खाल्ली नाही. मग म्हणाली, "जा, मागे पूर. खोल पूर हं."

पुरून आले.

८ फेब्रु., शनि.

कळलं सगळं आज. नवरा गेला की बाईनं कोपऱ्यात बसायचं. महिनोन्महिने. तोंड झाकून. घराबाहेर पाऊल नाही. कोपरा सुटतो तो माहेरचा भाऊ आला की. तो नवी ओढणी आणतो, बहिणीला हाताला धरून उठवतो आणि माहेरी घेऊन जातो. पहिलं पाऊल तिकडेच पडायला हवं. मग ती कुठेही जायला मोकळी.

कु.चा भाऊ दामू. मढला असतो, होडी आहे त्याची. ती मांगीलालबरोबर पळाली तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नाही. बाप गेला तेव्हाही कळवलं नव्हतं.

"नाही आला तर?" मी विचारलं. सासूचं मारवाडी कु.च मला मराठीत सांगत होती. म्हणाली, "तर बसूनच राहायचं, म्हणतात."

मी चिडले. म्हटलं, "चल उठ. मी आलेय ना न्यायला? हेच माहेर समज."

"तुझ्या हातानं नाही चालत गं."

"का?"

ती माझ्या रिकाम्या कपाळाकडे बघत राहिली. मग मला कळलं.

"मग अशीच चल. कोण अडवणार आहे? ही म्हातारी?"

"म्हातारी नाही अडवत," कु. म्हणाली. "आले तेव्हा पळून आले. आता पळून नाही जायचं मला. एकदा तरी कुणीतरी न्यायला यावं."



दुपारी सासू माझ्याजवळ येऊन बसली. विचारलं, तुझा कधी गेला? सांगितलं, गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी. मिलमधून आले, छातीत दुखतंय म्हणाले, झालं. तिनं आपल्या ओढणीचा पदर माझ्या डोक्यावर घेतला आणि रडायला लागली. ह्यांच्यासाठी. ह्यांचं नाव तिनं मला विचारून घेतलं आणि ते घेऊन रडली.

ह्यांना आणलं तेव्हा मी शेजारून चटया मागत होते, कोणाकोणाला कळवायचं ते शरदला सांगत होते. सगळे म्हणाले, बाई धीराची. आज त्या ओढणीखाली माझा आवाज निघाला. मलाच ओळखू आला नाही. कु. कोपऱ्यातून म्हणत होती, "रड गं. इथं कुणी गप्प बस म्हणत नाही."

९ फेब्रु., रवि.

निघताना कु.नं चेहरा उघडला. वाळली आहे. टाचांना भेगा. म्हणाली, "इथं मासा फक्त पत्रिकेतल्या मीन राशीत असतो." दोघी हसलो. सासूही हसली, न कळता.

"दामूला काय सांगू?"

"काही नको. यायचा तर येईल."

मग थोड्या वेळानं, "मी रडले असं नको सांगूस."

उंबऱ्यापर्यंत ती येऊ शकत नाही. मी गल्लीच्या टोकापर्यंत मागे बघत राहिले. दारात सासूच उभी होती.

१० सोम.

पोचले. शरदनं विचारलं, "कुसुममावशी?" म्हटलं, नाही आली. सुनेनं न विचारता ताट वाढलं. बरी आहे पोरगी.

१२ फेब्रु., बुध.

काल मढला गेले. वेसाव्याहून होडीनं पलीकडे. दामू अंगणात जाळं सांधत होता. म्हटलं, "मी जोगेश्वरीची. कुसुमची शेजारीण."

मान वर केली नाही. "आमची कुसुम मेली."

"ती नाही रे मेली. तिचा नवरा मेला."

हात थांबले त्याचे. "कवा?"

सांगितलं. कोपऱ्याचं सांगितलं, ओढणीचं सांगितलं, भाऊच लागतो हेही सांगितलं. रडली ते नाही सांगितलं.

"मी त्या मारवाड्याला कधी उंबरा चढू दिला नाय."

"आता तो कुठे येतोय चढायला?"

यावर तो चिडेल असं वाटलं. नाही चिडला. पुन्हा जाळ्याला लागला. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, नवऱ्याकडे बघितलं, आत गेली. चहा संपत आला तेव्हा त्यानं विचारलं, "थंडी असते का गो तिकडं?"

"रात्री फार."

 मी त्याला गाडीचं सांगितलं, अहमदाबादला बदलायची, तिथून जोधपूर, स्टेशनवरून कुठल्या बाजूला जायचं ते. ऐकलं का नाही कळलं नाही. होडी लागली तशी उठले, आणि घरी आले.