अंगठ्याशेजारचं बोट

दादा, मी घरी कीबोर्ड घेतलाय. स्वस्तातलाच, प्लास्टिकचा, मांडीवर मावेल एवढा. पट्ट्या दाबल्या की खटखटतात आणि आत भरून ठेवलेले ठेके लग्नातल्या बँडलाही लाजवतील असे. तुम्ही नाक मुरडलं असतंत. पण भाता नसल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि हेडफोन लावला की शेजाऱ्यांची कटकट नाही. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आले की चहाला उकळी येईस्तोवर मी एखादं गाणं वाजवून घेते. दिवसभर कंपनीत पार्ट तपासून शिणलेलं डोकं तेवढ्यात ताळ्यावर येतं. तुम्ही पेटी शिकवली नसतीत, तर हे सुख मला कुठून मिळालं असतं?

गेल्या गुरुवारी, सुट्टीच्या दुपारी, लेक शेजारी बसून बघत होती. ती मोबाइलवर बघून शिकतेय. मध्येच म्हणाली, "आई, तुझं हे बोट दुखतंय का? वरच धरलंयस." बघते तर अंगठ्याशेजारचं बोट खरंच ताठ वर, आणि बाकीची त्याच्या वाटणीचं काम करतायत. ही सवय लहानपणीच सुटली, असं मी समजत होते.

तुमचं ते बोट भोसरीच्या वर्कशॉपमधल्या प्रेसखाली अर्धं गेलं, तेव्हा मी चालायलाही लागले नव्हते. मला तुमचा हात तसाच माहीत. त्यामुळे पेटी अशीच वाजवतात, असं मी धरून चालले. भोसरीतली आपली भाड्याची खोली, आई स्टोव्हपाशी भाकरी थापतेय, तुम्ही समोर बसून माझ्यासाठी भाता हलवताय. अचानक तुमचा हात थांबला. बोट वर का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, तुमी धरता तसं. तुम्ही पेटी मिटलीत आणि असे ओरडलात, की आईही वळून बघायला लागली. "माझं गेलं म्हणून तुझं बी गेलं का? धडधाकट हाय, वापर ते."

मी रडले. चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. माझं वाजवणंच तुम्हाला आवडत नाही, असं मनात घेऊन बसले होते. मग एका संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, हातपाय धुतलेत, माझं बोट धरून पट्टीवर ठेवलंत आणि पहिल्यापासून सगळं शिकवायला घेतलंत. तुमच्या हाताला जे जमत नव्हतं, ते तुम्ही मला शिकवत होतात. ते कळायची अक्कल तेव्हा नव्हती. आज कळतं आणि भरून येतं.

लेकीला तिच्या आजोबांचं हे सगळं सांगितलं. तिनं माझं बोट दाबून पट्टीवर ठेवलं. पाचही बोटांनी तेच गाणं किती सरळ जातं, दादा. तिच्यासमोर आता मी तसंच वाजवते, नाहीतर माझं बघून तीही बोट उचलायची.

हे पत्र कुठं पाठवणार, कपाटात ठेवून देते. एक मात्र कबूल करते. लेक ट्यूशनला गेली की ते बोट आपोआप वर जातं, आणि मी ते खाली आणत नाही.