अमरनाथच्या पिशवीतला दिवा

शिवम्मा,

तू देवळातून यायच्या आत मी अमरनाथच्या दाखल्यासाठी धाराशिवला चाललोय. तोंडावर सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "तुमचं कदी काय खरं असतंय व्हय?" म्हणून लिहून ठेवतो.

त्याच्या पिशवीत उजेड पडतो तो त्याच्या सायकलच्या दिव्याचा. कामावर कुणी चोरू नये म्हणून लेकरू दिवा काढून पिशवीत टाकायचं. बटण जरा दाबलं गेलं की आपोआप लागतो, तोही वैतागायचा. त्याला माती दिल्यावरही तू रोज त्या पिशवीत भाकरीचा डबा ठेवतेस ना, त्या डब्याचा काठ बटणावर बसतो. दुसरं काही नाही गं.

सेल काढून खिडकीतल्या वाटीत ठेवलाय. आज उजेड दिसणार नाही. पोरगं रुसलं असं समजू नकोस. डबा ठेवायचा तर ठेव, मी कधी नको म्हणालो?

तळ्यातल्या मगरीला मी तंबाखूची सवय लावली, हे साऱ्या तामलवाडीला पटवलं. तुला एकटीलाच माझं कधी काही पटलं नाही. आणि काल माझा हात धरून म्हणालीस, "तुमी म्हणा की, त्योच येतोय." मी म्हणालो असतो तर तू मानलं असतंस. म्हणूनच जीभ उचलली नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. मी खरंच येणार आहे, माझं ताट वाढून ठेव.

विरुपाक्ष