देव्हाऱ्यातले पाच गोटे

अंधेरी,
ता. ११ मार्च १९५६

तुम्हांस नमस्कार.

इकडे आईंची तब्येत बरी आहे. दमा थंडीपुरताच होता. नळाला हल्ली संध्याकाळीही पाणी येतं.

काल तुमचं पत्र आलं. एडनला इस्पितळात टायफॉइडने पडून होतात, हे त्यातूनच कळलं. पथ्य पाळा.

धोंडू खलाशाच्या हाती पाठवलेली आफ्रिकेतली रोपं जगली का, असं विचारलंत. ती रोपं आहेत हेही कालच कळलं. धोंडू दारातूनच "सहदेवान धाडल्यान, जपा म्हणालो," एवढं बोलून गेला होता. डब्यात वाळू, वाळूत पाच करडे गोटे, प्रत्येकाला वर आडवी भेग. आईंना वाटलं, शाळिग्रामाची मुखंच. "झिलान देव धाडल्यान!" म्हणत त्यांनी ते देव्हाऱ्यात मांडले. रोज स्नान, गंध, तुळस. तुम्ही लिहिता, ते गोटे म्हणजे त्या रोपांची जाड पानंच, त्यांना महिनोन्महिने पाणी लागत नाही, पानांत साठवलेलंच पुरतं.

पौषात एका सकाळी पुसताना एक गोटा आईंच्या बोटाखाली फुटला. आतून कुजका वास. बाकीचेही मऊ पडले होते. तुमचं पत्र येऊन चार महिने झाले होते.

"देव कुसले. माझो झील गेलो."

मी म्हटलं, "बोटीच्या कचेरीत विचारून येते."

"कचेरीक काय कळता? देवाक कळता!"

तरी गेले. कारकून यादी बघून म्हणाला, बोट एडनहून पुढे गेली, खलाशांत हे नाव नाही. घरी येऊन तेच सांगितलं. मग आईंना काही पटवून द्यायला माझ्याकडे उरलं नाही.

पुढचं लिहायचं नव्हतं. चाळीतल्या बायका जमल्या. मी नको नको म्हणत होते. शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, "हिच्या डोळ्यांत टिपूस तरी आहे का बघा!" दोघींनी माझे हात धरले. बांगड्या विमलाबाईंनी फोडल्या, कुंकू आईंनी पुसलं. कुजलेले देव वर्सोव्याला समुद्रात सोडले. त्यांच्याबरोबर माझं मंगळसूत्र.

काल तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई रडल्या, हसल्या, आणि करंडा घेऊन आल्या. "लाव गो बाय. झाला ता झाला." मी तोंड फिरवलं. तेव्हापासून त्या जेवलेल्या नाहीत. मीही नाही.

मनीऑर्डर नको. पुढच्या बोटीवर नाव घालण्याआधी घरी या. माझे हात धरणाऱ्यांना बोलवा आणि त्यांच्यासमोर मला विचारा, या घरात राहायचंय का. आजवर ते कुणी विचारलेलं नाही. काय उत्तर देईन, मलाही ठाऊक नाही.

तोवर कपाळ असंच राहील.

रत्नप्रभा