पोळी अन् परेड

जबलपूर, १० मार्च १९७४

मायले इंद्रभानचा जयभीम.

पलटणीत मी मजेत हावो. पण गव्हाच्या पोळ्या खाऊन परेडले धावलो, की आंगभर पित्त उठते अन् जरासा दम कोंडते. घाबरू नोको.

डाक्तर म्हणे, "कामचोर हायेस!" मंग मीच पारखून पाह्यलं. पोळी खाऊन बसलो, काही नाही. उपाशी धावलो, काही नाही. उलट पयला आलो. हे त्याले सांगतलं त म्हणे, "पुस्तकात असं नाही." शिकेल बैल!

आपल्या घरी पोळी सणालेच, अन् खाऊन सारे लवंडतात. धावते कोन?

आता मले घरी धाडाचं म्हणून राह्यले. तुहे गुडघे कसे हायेत? त्याच्या आंधी ज्वारीचं पीठ पाठव, भाकर खाऊन धावून दाखवतो यायले. इथं गहू लय हाय, दुष्काळ अकलेचा हाय.

तुहा पयल्या नंबरचा कामचोर,
इंद्रभान